दबावगटांचा पेपर: अभ्यास करूनही मार्क कुठे जातात?

राज्यशास्त्राच्या पेपरांचे गठ्ठे तपासायला बसलं की दबावगटांवरच्या (म्हणजे सरकारवर दबाव आणून आपलं हित साधणाऱ्या संघटनांवरच्या) 'हितसंबंधी गट आणि लोकशाही' या प्रश्नाची पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच दिसतात. तीन व्याख्या, मग वैशिष्ट्यं, मग प्रकार. 'आणि लोकशाही' मात्र शेवटच्या चार ओळींत, वेळ संपत आल्यावर गिचमिड अक्षरात. खरे मार्क तिथेच असतात.

पक्ष आणि गट यांची सरमिसळ

'दबावगट निवडणूक लढवत नाहीत' हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. पुढच्याच ओळीत उदाहरण येतं राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं. अहो, शेट्टी २००९ मध्ये हातकणंगल्यातून खासदार झाले होते! उदाहरण टाकून देऊ नका, पुरं करा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० मध्ये चाकणला कांद्याच्या भावासाठी आंदोलन केलं, ते दबावगट म्हणून. पुढे १९९४ मध्ये जोशींनीच स्वतंत्र भारत पक्ष काढला. नुसता दबाव पुरत नाही असं वाटलं की गट सत्तेच्या दिशेने सरकतो, म्हणून ही सीमारेषा पुसट होते, एवढं लिहिलंत तरी उत्तर गाईडच्या बाहेर पडलं.

वर्गीकरणातली जुनी खोच

राज्यशास्त्रज्ञ आल्मंडने सांगितलेले गटांचे चार प्रकार लिहिताना 'जात' डोळे झाकून असंघटित गटात टाकली जाते. जात म्हणून ते ठीक. पण त्याच जातीची नोंदणीकृत संस्था असेल, अध्यक्ष-चिटणीस असतील, निवेदनं दिली जात असतील, तर ती संघटित गटात जाते. १९२० ची आयटक (कामगारांची संघटना) किंवा १९२७ ची फिक्की (उद्योजकांची संघटना) जिथे बसते तिथेच.

लॉबिंगबद्दल, म्हणजे आमदार-खासदार आणि अधिकाऱ्यांना गाठून निर्णय आपल्या बाजूला वळवण्याबद्दल, थोडक्यात: अमेरिकेत लॉबिस्टना १९९५ च्या कायद्याने नोंदणी करावी लागते. भारतात लॉबिंगसाठी असा वेगळा कायदा नाही; इथले गट घटनेच्या कलम १९ मधल्या संघटना स्थापण्याच्या हक्कावर उभे आहेत. अमेरिकेचा परिच्छेद उचलून भारताच्या प्रश्नाला चिकटवू नका, लगेच कळतं.

'फायदे-तोटे' म्हणजे चर्चा नव्हे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाच फायदे, पाच तोटे, खाली रेघ. त्यापेक्षा एक वाद धरा. अमेरिकी राज्यघटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांनी १७८७ मध्येच मांडलं होतं की स्वातंत्र्य आहे तिथे गट पडणारच. ते मिटवायचे तर स्वातंत्र्यच मिटवावं लागेल, म्हणून त्यांचे परिणाम आवरायचे. त्याला अर्थतज्ज्ञ ऑल्सनचा १९६५ मधला आक्षेप भिडवा: मोठ्या समूहाचं हित सामायिक असलं तरी तो आपोआप संघटित होत नाही, कारण फायदा फुकट मिळणार असेल तर वर्गणी कोण भरेल? ग्राहकांचंच बघा. कांदा सगळे खातात, पण कांदा खाणाऱ्यांची युनियन तुम्ही पाहिलीत का? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून टिकली, त्यामागचं एक कारण याच तर्काने सांगता येतं: सभासद कुटुंबांना एकत्रित खरेदीचा माल मिळतो, म्हणजे सभासद होण्यात रोखठोक फायदा आहे. एवढं एक उदाहरण नीट उलगडलंत तर पाच तोट्यांची यादी लागत नाही.

कृषी कायद्यांचं उदाहरण जवळपास प्रत्येक पेपरात असतं, पण 'शेतकऱ्यांचा विजय' इथे थांबतं. तीन कायदे २०२० मध्ये निवडून आलेल्या संसदेने केले, आणि रस्त्यावर बसलेल्या, कुणीही मतदान करून न निवडलेल्या संघटनांच्या दबावामुळे ते नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले. याने लोकशाही बळकट झाली की दुबळी? तुमची बाजू कोणतीही चालेल, कारण द्या. शेजारी निवडणूक रोखे (पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देण्याची सोय) ठेवा, जे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले. तिथे मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या. पैसा कुणाकडून येतो हेच मतदाराला दिसत नव्हतं. मोर्चाचा दबाव निदान डोळ्यांना दिसतो.

तयारी उशिरा सुरू झाली असेल तर प्रकरण पुन्हा वाचत बसू नका. एकच संघटना घ्या आणि कोऱ्या कागदावर लिहा: सभासद कोण, पैसा कुठून येतो, दबाव कुणावर आणि कसा, काय पदरात पडलं, आणि तिच्या मागणीत कुणाचा आवाज आलाच नाही. शेवटच्या प्रश्नाला काहीच सुचत नसेल, तर दुसरी संघटना घ्या.