ठाणे-नवी मुंबईतील मंडळ्यांनी मदतीचे आणि न्यायाचे काम एकत्र कसे उभारावे

ठाणे आणि नवी मुंबईतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे निरनिराळ्या पंथांच्या चर्चमध्ये, मदतीची इच्छा कमी नाही. एकमेकींच्या कामाची माहिती मात्र फार कमी आहे. पावसाळ्यात कळव्याच्या किंवा दिघ्याच्या एखाद्या चाळीत पाणी शिरले की कॅथलिक पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीतील समाजाचे) तरुण, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतील महिला संघ, मूळच्या केरळच्या मार्थोमा मंडळीतील कुटुंबे आणि भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एखाद्या पेंटेकॉस्टल मंडळीचे कार्यकर्ते एकाच दिवशी रस्त्यालगतच्या घरांत तांदूळ-डाळीच्या पिशव्या देऊन परततात आणि टेकडीकडच्या मागच्या गल्लीत कोणीच पोहोचत नाही. म्हणून संयुक्त कामाचा आरंभ निधीने किंवा मोठ्या मेळाव्याने करू नये, तो सामाईक नोंदवहीने करावा.

पहिली भेट जानेवारीत ठरवावी. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो, त्या निमित्ताने कॅथलिक फादर आणि इतर मंडळ्यांचे पाळक (धर्मगुरू) एकमेकांच्या चर्चमध्ये तसेही येतात आणि पावसाळ्याला साडेचार महिने हाताशी राहतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनामुळे निरनिराळ्या मंडळ्यांतील स्त्रियांची ओळख आधीपासूनच असते. माझ्या मते या स्त्रियांना सुरुवातीपासून निर्णयात घेतले नाही तर काम कागदावरच राहते, कारण वस्तीत कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे बहुधा त्यांनाच आधी कळते.

पहिल्याच बैठकीत सिद्धान्तांवर एकमत करण्याचा आग्रह धरू नये. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, पण त्यासाठीची बोलणी 1929 पासून चालू होती; वस्तीतील पाणी इतका काळ थांबत नाही. प्रत्येक मंडळीची निर्णयाची रीत मात्र नीट समजून घ्यावी. पेंटेकॉस्टलसारख्या स्वतंत्र मंडळीचे पाळक त्याच संध्याकाळी होकार देऊ शकतात, पॅरिशमध्ये मुख्य धर्मगुरूंची संमती आणि कधी बिशप कार्यालयाची परवानगी लागते, तर सीएनआयमध्ये विषय मंडळीच्या समितीपुढे ठेवावा लागतो. या फरकाला टाळाटाळ समजल्यामुळे चांगली कामे सुरुवातीलाच बिनसतात. शिवाय धर्मगुरूंच्या बदल्या होतात, म्हणून प्रत्येक मंडळीकडून धर्मगुरूंखेरीज त्याच भागात राहणारे दोन सभासद नेमून घ्यावेत.

यानंतर भाग वाटून घ्यावा. ही वाटणी मंडळीच्या सभासदांच्या पत्त्यांवरून न करता वस्त्यांवरून करावी, म्हणजे तुर्भ्याच्या खाणीलगतची वस्ती एका मंडळीकडे आणि दिघ्याची टेकडी दुसरीकडे, मग तिथे एकही ख्रिस्ती घर नसले तरी चालेल. नोंदवहीत कुटुंबप्रमुखाचे नाव, घराची खूण, माणसे किती, त्यांत लहान मुले, गरोदर स्त्री, अंथरुणाला खिळलेले किंवा डायलिसिसवर असलेले कोणी आहे का आणि कोणत्या तारखेला कोणी काय दिले, एवढेच लिहावे. धर्माचा रकाना ठेवू नये आणि आधार कार्डाच्या प्रती गोळा करू नयेत. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकानुसार अगदी येरुशलेममधील पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर उठली होती आणि त्यासाठी सात माणसे नेमावी लागली होती. तेव्हा वाटपाची तक्रार आली म्हणून कोणी रागावू नये, नोंदवही उघडावी.

मदतीच्या पिशवीत धर्मप्रसाराची पत्रिका किंवा शुभवर्तमानाची प्रत घालू नये आणि वाटपाच्या जागी प्रार्थनेला बसण्याची अट ठेवू नये. हा नियम सर्व मंडळ्यांनी लेखी मान्य करावा, कारण एका मंडळीने तो मोडला तर संशय सगळ्यांवर येतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अडचणीत सापडलेल्या माणसाचा होकार हा मोकळा होकार नसतो. मदत घेणाऱ्यांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रेही काढू नयेत.

एक छायाचित्र मात्र अवश्य काढावे. पाणी ओसरताच लोक साहजिकच चिखल धुऊन काढतात, भिजलेली गादी फेकून देतात आणि दोन दिवसांनी तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा दाखवायला काहीच उरत नाही. पंचनाम्यात नाव नसेल तर सरकारी मदतीचा मार्ग बंद होतो. म्हणून स्वयंसेवकांनी झाडू हातात घेण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी उभी धरलेली मोजपट्टी, भिजलेले धान्य आणि दारावरचा घर क्रमांक यांची छायाचित्रे त्याच कुटुंबाच्या मोबाइलवर काढून ठेवावीत. पंचनाम्यात नाव चढले आहे की नाही, याची खात्री पंचनामा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी. या एका सवयीचा उपयोग दहा किलो तांदळाहून जास्त होतो.

शासकीय यंत्रणेशी ओळख आधीच करून घ्यावी. आपत्तीच्या वेळी मदत मागण्याच्या जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. मात्र वाशी, नेरूळ, ऐरोली हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. नवी मुंबई म्हणून दोन्हींचा एकत्र विचार करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. त्यांतील सी-1 वर्गातील इमारती अतिधोकादायक व तातडीने रिकाम्या करण्याच्या असतात. आपल्या भागातील अशा इमारतींमधील कुटुंबांना रात्रीपुरता आसरा कोणत्या चर्चच्या हॉलमध्ये द्यायचा आणि हॉलची किल्ली कोणाकडे असेल, हे मे महिन्यातच ठरवावे.

पैशांचा विषय थोडक्यात पण स्पष्ट असावा. नवा ट्रस्ट काढण्याची गरज नाही. नोंदणीकृत असलेल्या एका मंडळीने स्वतंत्र खातेशीर्ष ठेवून पावत्या द्याव्यात आणि दर महिन्याचा हिशेब सर्व मंडळ्यांच्या सूचना फलकांवर लावावा. परदेशातून आलेली देणगी या सामाईक निधीत मुळीच मिसळू नये, कारण विदेशी अंशदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनुसार ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, मग त्या संस्थेची नोंदणी असली तरीही. मोठ्या आपत्तीत कॅथलिकांची कारितास आणि प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची कासा या मदतकार्य करणाऱ्या संस्थांचा अनुभव उपयोगी पडतो, त्यांच्याकडून प्रशिक्षण मागून घ्यावे.

खरे अवघड काम पाऊस थांबल्यावर सुरू होते. तेच कुटुंब दरवर्षी नोंदवहीत येत असेल तर त्याच्या हक्काचे काय अडले आहे, हे विचारले पाहिजे. सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुराचे उदाहरण घ्यावे. 18 ते 60 वयोगटातील मजुराला इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, पण मागील बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ज्याचा मुकादम रोज बदलतो त्याला दाखला देणार कोण? इथे मंडळ्यांतील ठेकेदार, अभियंते आणि निवृत्त कारकून यांचा उपयोग होतो. काम केलेल्या दिवसांची वही मजुराला ठेवायला शिकवावी, ठेकेदाराकडून जागच्या जागी सही घ्यावी आणि अर्ज भरून देण्यासाठी रविवारच्या उपासनेनंतर हॉलमध्ये एक टेबल लावावे.

वेतन थकणे, बेकायदा घर रिकामे करून घेणे किंवा घरगुती हिंसाचार अशा बाबतीत स्वयंसेवकांनी स्वतः न्यायनिवाडा करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि आपत्तीग्रस्त यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक 15100 आहे. समजूत घालून प्रकरण मिटवण्याची मंडळीतील वडीलधाऱ्यांची सवय इथे घातक ठरते. मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, मग आरोपी मंडळीचाच पदाधिकारी का असेना.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नाताळच्या धावपळीआधी, सर्व प्रतिनिधींनी नोंदवह्या एकत्र ठेवून एक दुपार बसावे. दोन वह्यांत आलेली नावे एकीतून खोडावीत, स्थलांतरित झालेल्यांची नोंद करावी, अडकलेल्या अर्जांपुढे पाठपुरावा करणाऱ्याचे नाव लिहावे आणि ज्या वस्तीसमोर एकाही मंडळीचे नाव नाही ती त्याच बैठकीत कोणाकडे तरी सोपवावी.