वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार कशी लिहावी: सगळा जोर ‘त्यामुळेच’वर

बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट हाताशी आहेत असं धरतो. इनडोअर केस पेपर (रुग्ण दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी) नसतील तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या; भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत मिळायला हवेत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे.

तक्रारीत चार गोष्टी क्रमाने दाखवायच्या. आधी कर्तव्य, म्हणजे रुग्णाची काळजी घेण्याची डॉक्टरची जबाबदारी. रुग्णाला उपचारासाठी घेतलं की ते आलंच, एक ओळ पुरे.

मग कसूर, म्हणजे ते कर्तव्य न पाळणं. रुग्ण दगावला एवढ्यानं कसूर ठरत नाही. त्याच विषयाचा साधारण कौशल्याचा डॉक्टर त्या वेळी काय करता, हीच मोजपट्टी. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात तीच लावली.

आता खरी अडचण: नुकसान त्या कसुरीमुळेच झालं हे दाखवणं. मी इथेच हरलो होतो. एका बाईंच्या यजमानांना दोन तास कुणी तपासलं नाही, हे मी मिनिटांसकट मांडलं. आयोगाने दिरंगाई मान्य केली आणि तरी तक्रार फेटाळली. वेळेत तपासलं असतं तर ते वाचले असते, असं सांगणारा एकही कागद मी लावला नव्हता. त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो.

लंडनच्या एका रुग्णालयाने १९६६ मध्ये, चहातून आर्सेनिक पोटात गेलेल्या पहारेकऱ्याला न तपासताच घरी पाठवलं. तो गेला. कसूर सिद्ध झाली, पण उपचार करूनही तो वाचला नसता, म्हणून भरपाई नाही.

‘सापडतील त्या सगळ्या चुका लिहा, एखादी तरी लागेल’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. एकच कसूर धरा आणि स्वतःला विचारा: ती झाली नसती तर काय झालं असतं? याचं उत्तर त्याच विषयाच्या तज्ज्ञाकडून लेखी घ्या, तक्रार दाखल करण्याआधी. तज्ज्ञ ‘सांगता येत नाही’ म्हणाला, तर तिथेच थांबून पुन्हा विचार करा.

क्वचित वस्तुस्थितीच बोलते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला आणि बाई दगावली. १९९६ मध्ये अच्युतराव खोडवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. अशा प्रकरणात खुलासा समोरच्यालाच द्यावा लागतो. पण आपलं प्रकरण तसंच आहे असं सहज मानू नका.

शेवटी नुकसान: खर्चाच्या पावत्या, पगारपत्रक, अवलंबून असलेल्यांची वयं. आकडा यांतूनच काढा.