स्लो-पिच सॉफ्टबॉल: स्थानिक नियमांतल्या या चुका टाळा

अमेरिकेत उन्हाळा आला की क्रिकेटवर वाढलेली आपली बरीच मंडळी ऑफिसच्या नाहीतर पार्क खात्याच्या स्लो-पिच सॉफ्टबॉलच्या लीगमध्ये नाव घालतात. हा बेसबॉलसारखाच खेळ, पण यात चेंडू खालून, हळू आणि उंच टाकतात. नजर चांगली, झेल पक्के. तरी हातातले सामने जातात, कारण लीगने पाठवलेलं नियमांचं पत्रक कुणी उघडलेलंच नसतं. यूएसए सॉफ्टबॉल किंवा यूएसएसएसए या संघटनांचं नियमपुस्तक पायाला असतं, पण लीगचा स्वतःचा नियम वेगळा असेल तर तोच चालतो.

सगळ्यात महाग पडते ती होम प्लेटची, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते तिथली चूक. धावणारा आणि कॅचर (प्लेटमागचा फील्डर) एकमेकांवर आदळू नयेत म्हणून बऱ्याच लीगमध्ये तिसरा बेस आणि होम यांच्यामध्ये कमिट लाइन आखतात. ती ओलांडली की मागे फिरणं नाही. त्यानंतर टॅगही, म्हणजे धावणाऱ्याला चेंडू लावणंही, लागत नाही. चेंडू हातात घेऊन फील्डरने प्लेटला पाय लावला की आउट. धावणाऱ्याने मात्र प्लेट सोडून बाजूची स्कोअरिंग लाइन ओलांडायची. प्लेटला त्याचा पाय लागला तर तो आउट.

आमच्या एका सामन्यात शेवटच्या इनिंगला बरोबरी होती, दोन आउट होते आणि तिसऱ्या बेसवर आमचा सगळ्यात चपळ पोरगा. फटका मोकळ्या जागेत पडला, थ्रो यायच्या कितीतरी आधी तो होमला पोचला आणि थेट प्लेटवर पाय ठेवला. अंपायरने मूठ वर केली. तिसरा आउट, धाव गेली, आणि जादा इनिंगमध्ये समोरच्यांनी सामना नेला. ‘टीव्हीवर प्लेटलाच पाय लावतात’ म्हणून तो अंपायरशी भांडत राहिला. टीव्हीवर बेसबॉल दिसतो, आपली लीग नाही. पत्रक आठवडाभर त्याच्या फोनमध्ये पडून होतं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून नव्या खेळाडूला मी आधी त्या रेषांवरून पळवतो, पुन्हा पुन्हा. तोंडी सांगून भागत नाही, ऐनवेळी पाय सवयीनेच पडतात. ‘आधी बॅटिंग दे’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

मिश्र लीगमध्ये पुरुषाला मुद्दाम वॉक (चुकीचे चेंडू टाकून दिलेला फुकटचा बेस) देऊन पुढच्या बाईला आउट करायची युक्ती जुनी आहे. ती मोडायला अनेक ठिकाणी नियम असतो: वॉक मिळालेला पुरुष थेट दुसऱ्या बेसवर जातो, आणि दोन आउट असतील तर पुढची बाई हवं तर न खेळता वॉक घेऊ शकते. हा निर्णय तिचा. डगआउटमधून ‘वॉक घे, वॉक घे’ ओरडणारे कॅप्टन मला अजिबात खपत नाहीत; तिला मारायचं असेल तर मारू द्या.

काउंट, म्हणजे बॉल (चुकीचा चेंडू) आणि स्ट्राइक (हुकलेला किंवा सोडलेला योग्य चेंडू) यांची मोजणी, कुठून सुरू होते ते विचारा. वेळ वाचवायला अनेक लीग एक बॉल, एक स्ट्राइकपासून सुरुवात करतात, आणि दोन स्ट्राइकनंतर फाउल (रेषेबाहेरचा फटका) गेला तर आउट. कुठे एक फाउल माफ असतो, कुठे नाही. डोळा बसेपर्यंत चेंडू सोडायची सवय इथे नडते.

होमरनलाही मर्यादा असते. मर्यादेपलीकडचा होमरन कुठे आउट धरतात, कुठे नुसता सिंगल (एकच बेस). कुंपणापलीकडे मारला तर आउट, हे गल्लीत खेळलेल्यांना नव्याने सांगायला नको.

पहिल्या बेसवर दुहेरी गादी असेल तर धावणाऱ्याने केशरी भागावर पाय ठेवायचा, पांढरा फील्डरचा. बॅट हातात घेऊन पळू नका आणि भिरकावूही नका.

बॅटवर मान्यतेचा शिक्का नसेल तर ती पिशवीतून काढूच नका. आतून तासलेल्या बॅटने जोर मिळवणाऱ्यांशी मी खेळत नाही. पिचर (चेंडू टाकणारा) अवघ्या पन्नास फुटांवर उभा असतो.

सामन्याआधी अंपायर दोन्ही कॅप्टनना बोलावतो, तेव्हा मी हे विचारतोच: फाउल माफ आहे का, होमरन किती चालतील, किती मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू होणार नाही. उत्तरं तिथल्या तिथे स्कोअरबुकच्या वरच्या कोपऱ्यात लिहून घेतो, आणि पहिला पिच पडायच्या आत डगआउटमध्ये मोठ्याने वाचून दाखवतो.