जुना पीसी बूट होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

ऑफिसने मोडीत काढलेले, माळ्यावर धूळ खात पडलेले पीसी आणायचे आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून चालते करायचे, हा माझा जुना नाद. या नादात सगळ्यात जास्त वेळ मी कशात घालवला असेल, तर उगाच फॉरमॅट मारण्यात. एका पेंटियम 4 वर तर एका वर्षात तीनदा. प्रत्येक वेळी मशीन छान चालू व्हायचं, काही महिन्यांनी अपडेट आलं की पुन्हा आडवं. फॉरमॅटने बरं होतंय म्हणजे सॉफ्टवेअरच बिघडत असणार, असं मी धरून चाललो होतो. ते साफ चुकीचं होतं. त्याची गोष्ट पुढे येतेच.

आधी सगळ्यांची पहिली चूक: स्क्रीनवर काय लिहिलंय ते न वाचणं. ग्रबचा (लिनक्स चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) मेनू दिसला की कीबोर्डवरचं 'ई' दाबा (मेनू येतच नसेल तर चालू करताना शिफ्ट दाबून धरा). 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, घाबरू नका. आता ओळी भराभर पळतील, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; तो पुढे जाऊच शकला नाही की 'कर्नल पॅनिक' असं लिहून थांबतो. पण या शब्दांनी फारसं काही कळत नाही. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या वरच्या चार-पाच ओळींत असतं.

दुसरी चूक मशीनचं वय न बघता आयएसओ (लिनक्स टाकायची फाइल) उतरवण्याची. 2008 च्या सुमाराच्या नेटबुकमधला ॲटम एन270 हा 32 बिटचाच प्रोसेसर आहे. त्याला 64 बिटचं लिनक्स असलेली पेन ड्राइव्ह लावली तर कर्नल सरळ सांगतो की मला एक्स86-64 सीपीयू हवा, इथे आय686 सापडला. एवढं स्पष्ट सांगूनही लोक पेन ड्राइव्ह बदलत बसतात. डेबियन या लिनक्सच्या 13 व्या आवृत्तीत तर 32 बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद झालेत, त्यामुळे अशा मशीनवर डेबियन 12 टाका.

पेंटियम एमवाल्या जुन्या लॅपटॉपची गंमत वेगळी. कर्नल म्हणतो 'पीएई' (32 बिटच्या प्रोसेसरला जास्त मेमरी वापरू देणारी सोय) नाही. प्रत्यक्षात यातल्या सुरुवातीच्या बऱ्याच चिपांमध्ये ती सोय असते, फक्त चिप ती जाहीर करत नाही. त्याच ग्रबच्या ओळीच्या शेवटी 'फोर्सपीएई' हा शब्द जोडून, इंग्रजीत छोट्या अक्षरांत लिहिला की काम होतं.

कोअर 2 ड्युओवाल्यांनी वेगळ्या खड्ड्यापासून जपावं. हा प्रोसेसर 64 बिटचा आहे खरा, पण आरएचईएल 9, रॉकी 9, अल्मा 9 या लिनक्सच्या प्रकारांना लागणाऱ्या एसएसई 4.2 आणि पॉपकाउंट या सूचना त्याच्याकडे नाहीत. पॅनिक येतो 'अटेम्प्टेड टू किल इनिट' असा आणि शिव्या खातो बिचारा कर्नल. वरची ओळ वाचा, तिथे जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) तक्रार करताना दिसेल. अशा मशीनला डेबियन बरं.

'अनएबल टू माउंट रूट एफएस' (मुख्य डिस्क जोडता आली नाही) आणि पुढे कंसात शून्य-शून्य दिसलं, तर हार्ड डिस्क गेली म्हणून दुकान गाठू नका. अपडेटच्या वेळी बूट पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग) भरलेलं असतं, इनिटआरडीची (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली) फाइल अर्धवट राहते किंवा बनतच नाही, आणि डिस्क ओळखणारा ड्रायव्हर कर्नलच्या हाती लागत नाही. ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा, आत शिरा, सगळ्यात जुने कर्नल पॅकेज मॅनेजरमधूनच काढा आणि इनिटआरडी पुन्हा बनवून घ्या. बूट फोल्डरमधल्या फायली हाताने उडवल्या तर पुढच्या अपडेटला आणखी गोंधळ होतो.

आता माझा पेंटियम 4. मेनू यायचा, नवा कर्नल निवडला की ग्रब म्हणायचा: डिस्कच्या बाहेरचं वाचायचा प्रयत्न. डिस्क 160 जीबीची, तपासली तर ठणठणीत. दोष होता बायोसचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचा. 2002-03 च्या आधीच्या बऱ्याच बोर्डांचे बायोस सेक्टरचा पत्ता 28 बिटांत लिहितात. 2 चा 28 वा घात गुणिले 512 बाइट, म्हणजे साधारण 137 जीबी. त्यापलीकडचं बायोसला दिसतच नाही. लिनक्स एकदा चालू झाला की स्वतःचा ड्रायव्हर वापरतो, त्याला पूर्ण डिस्क दिसते. पण ग्रब कर्नल उचलतो तो बायोसच्याच हाताने. नव्या फॉरमॅटनंतर कर्नल डिस्कच्या अलीकडच्या भागात पडायचा आणि चालायचा. पुढे डिस्क भरत गेली की अपडेटचा कर्नल 137 जीबीच्या पलीकडे जाऊन बसायचा. मी प्रत्येक फॉरमॅटला त्याला तात्पुरता अलीकडे आणत होतो, एवढंच! डिस्कच्या अगदी सुरुवातीला 1 जीबीचं वेगळं बूट पार्टिशन केलं, त्यानंतर तो पीसी पुन्हा अडला नाही.

ग्रबनंतर स्क्रीन नुसतीच काळी राहिली तर कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो म्हणजे कर्नल जिवंत आहे, फक्त ग्राफिक्स कार्डाशी जमत नाहीये. ग्रबच्या त्याच ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लावून बघा. पीएस/2 कीबोर्डचे दिवे आपोआप लुकलुकत असतील तर मात्र पॅनिकच.

इंटरनेटवर सापडलेले 'नोएपीक', 'एसीपीआय इज इक्वल टू ऑफ' वगैरे सगळे मंत्र एकदम फुंकू नका. एका वेळी एकच. एसीपीआय (वीज आणि हार्डवेअर सांभाळणारी सोय) बंद केल्यावर मशीन चालू झालं तरी शटडाउननंतर वीज बंद होत नाही, काही ठिकाणी एकच कोर उरतो. मग त्याची वेगळी तक्रार घेऊन तुम्ही परत बसता.

आणि दर वेळी पॅनिक वेगळ्याच जागी येत असेल, तर सेटिंग सोडा, स्क्रू ड्रायव्हर घ्या. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबरने घासा, एकेक पट्टी लावून बघा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला. तारीख मागे पडली की फाइल सिस्टिमची तपासणी 'शेवटचं माउंट भविष्यात झालंय' म्हणून कुरकुरते, आणि आपण उगाच डिस्कवर संशय घेतो. झाकण उघडलंच आहे तर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटरही बघून घ्या. माथा फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेजला तितकाच किंवा थोडा वरचा बसवून घ्या.