एम४ लिनक्सला दिसत नाहीये? डिव्हाइस ट्रीत असा लिहा

परवा रामबागेत पोहे खाता खाता मावसभाऊ म्हणाला, दादा, बोर्डावर एम४ हा छोटा प्रोसेसर आहे तर लिनक्सला दिसत का नाही? अरे, दिसेल कसा, तू सांगितलंच कुठे! तो काही यूएसबीसारखा स्वतःहून हाक मारत नाही. तो डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहावा लागतो. म्हणून इथे लिहून टाकतो, उदाहरण एसटीएम३२एमपी१५७ या चिपचं, दोन कॉर्टेक्स-ए७ कोअरवर लिनक्स आणि शेजारी एक कॉर्टेक्स-एम४. (प्रॉपर्टीची नावं फाइलमध्ये इंग्रजीतच टाइपायची, हे सांगायला नको.)

पहिले मेमरी, बाकीचं नंतर. रिझर्व्हड-मेमरीत, म्हणजे राखीव मेमरीच्या यादीत, प्रत्येक तुकड्याचा वेगळा नोड (नोंद), त्यात कंपॅटिबल (शेअर्ड-डीएमए-पूल), रेग (पत्ता आणि आकार) आणि नो-मॅप (लिनक्सने ही जागा स्वतःसाठी वापरू नये). दोन व्हीरिंग (लिनक्स आणि एम४ मधल्या निरोपांच्या रांगा) ४-४ केबीचे, हेक्समध्ये १००४०००० आणि १००४१००० ला, त्यांच्या पुढे १००४२००० ला १६ केबीचा बफर. यांची नावं व्हीडेव्ह०व्हीरिंग०, व्हीडेव्ह०बफर अशीच ठेवा, ड्रायव्हर नावावरूनच शोधतो, मी हौसेने सुटसुटीत नावं दिली होती आणि अख्खी संध्याकाळ घालवली. मग हे सगळे तुकडे एम४ च्या नोडमधे मेमरी-रीजनला जोडायचे.

आता खरी गोची. रेटरॅम (चिपमधलीच एक मेमरी) लिनक्सला हेक्समध्ये ३८०००००० वर दिसते, पण एम४ ला तीच मेमरी शून्यावर दिसते. म्हणजे आमच्या घरासारखं, पोस्टमनसाठी मकान नंबर आणि आत्यासाठी गणपतीच्या देवळामागे, घर एकच. हे पत्त्यांचं भाषांतर एम४ च्या वरच्या बस नोडमधल्या डीएमए-रेंजेसमध्ये लिहिलेलं असतं, ते चुकलं किंवा लिंकर स्क्रिप्टमधला (फर्मवेअर मेमरीत कुठे बसणार ते ठरवणारी फाइल) पत्ता कुठल्याच तुकड्यात बसला नाही की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'बॅड पीएचडीआर' येतं आणि माणूस उगाच फर्मवेअर पुन्हा पुन्हा बिल्ड करत बसतो.

मेलबॉक्स, म्हणजे दोघांनी एकमेकांना इशारा द्यायची सोय, सोपा आहे, आयपीसीसी या चिपमधल्या ब्लॉकचे चॅनल द्या, नावं व्हीक्यू०, व्हीक्यू१, शटडाउन. रीसेट आणि कंपॅटिबल चिपच्या मूळ फाइलमध्ये आधीच असतं, बोर्डाच्या फाइलमध्ये फक्त स्टेटस ओके करा. आणि हो, जो यूआर्ट (सीरियल पोर्ट) एम४ वापरणार तो लिनक्सच्या बाजूने डिसेबल ठेवा, नाहीतर दोघं एकाच नळावर भांडतील.

बूट झाल्यावर सिसएफएसमध्ये (लिनक्सच्या सिस फोल्डरमध्ये) रिमोटप्रोक०, म्हणजे आपला एम४, दिसला पाहिजे. लिब फर्मवेअर फोल्डरमध्ये एम४ च्या फर्मवेअरची ईएलएफ फाइल टाका, तिचं नाव रिमोटप्रोक० मधल्या फर्मवेअर फाइलमध्ये एको कमांडने लिहा, मग तिथल्याच स्टेट फाइलमध्ये स्टार्ट. भावाचा काल चालू झाला, फोन आला रात्री साडेबाराला.