जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण आणि घरी केलेला निंबोळी अर्क

जास्वंदीच्या शेंड्याशी किंवा कळ्यांच्या देठांशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, पाने चिकट झाली आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर तो पिठ्या ढेकूण आहे असे समजावे. ही कीड रस शोषते आणि चिकट गोड द्रव बाहेर टाकते. त्या द्रवासाठी मुंग्या तिचे राखण करतात आणि त्यावरच पुढे काळी बुरशी वाढते. म्हणून मुंग्यांना चढायला वाट मिळू नये यासाठी कुंडीतील फांद्या भिंतीला वा गजांना टेकू न देणे, हा उपचाराचाच भाग मानावा.

या किडीच्या अंगावर मेणकट आवरण असल्यामुळे नुसती फवारणी ओघळून जाते. आधी फार बाधलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत आणि उरलेले पुंजके दात घासण्याच्या जुन्या ब्रशने किंवा पाण्याच्या जोरदार धारेने काढावेत.

एक लिटर अर्कासाठी वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड पूड घ्यावी. जून-जुलैमध्ये झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्यास त्या पुढे कित्येक महिने उपयोगी पडतात. मात्र बुरशी आलेल्या घेऊ नयेत. पूड सकाळी अर्धा लिटर पाण्यात भिजत घालावी, मधूनमधून ढवळावी आणि संध्याकाळी दुहेरी फडक्यातून पिळून गाळावी. त्यात 2 ग्रॅम साध्या साबणाचा चुरा विरघळवून एकूण पाणी एक लिटर करावे. साबणामुळे द्रावण पानाला आणि किडीला चिकटते, परंतु कपड्यांची तीव्र पावडर वापरल्यास पाने करपतात. अर्क उकळू नये, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य उष्णतेने नष्ट होते. तेच द्रव्य उन्हातही टिकत नाही, म्हणून भर दुपारी केलेली फवारणी जवळजवळ वाया जाते.

फवारणी ऊन उतरल्यावर, मधमाश्या परतल्यानंतर, पानांच्या खालच्या बाजूसही करावी आणि अर्क त्याच दिवशी संपवावा. निंबोळीने कीड तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते, कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि वाढ खुंटते. दुसऱ्या दिवशी किडी हलताना दिसल्या म्हणून निराश होऊन अर्काचे प्रमाण वाढवू नये, तर सात-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा तीच फवारणी करावी. प्रथम एका फांदीवर करून दोन दिवस पाने पाहावीत.

पुंजक्यांमध्ये पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, पण आकाराने मोठी आणि चपळ अळी फिरताना दिसल्यास ती मारू नये. ती बहुधा क्रिप्टोलेमस या भुंग्याची असते आणि पिठ्या ढेकणांवरच जगते. ती असेल तर फवारणी थांबवून आठवडाभर वाट पाहणे मला अधिक योग्य वाटते.

कीड मारण्यासाठी तंबाखूचा काढा मात्र घरात करू नये. त्यातील निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते आणि लहान मुले वावरतात अशा गच्चीत तो धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.