रबरबँड वितळून चिकटू नयेत म्हणून

पार्सलचे, कोथिंबिरीच्या जुडीचे रबरबँड आपण जपून ठेवतो आणि उन्हाळा सरला की खणात त्यांचा चिकट गोळा सापडतो, नाहीतर ताणताच तुटणारे तुकडे. ऊब, ऊन, हवा आणि तेलाचा हात, एवढ्याने रबर खराब होतं.

१. दाराच्या कडीला, खिडकीच्या गजाला किंवा गॅसजवळच्या खुंटीला रबरबँड अडकवू नका. ताणलेलं रबर तर फारच लवकर चिरतं.
२. तेलकट किंवा मातकट बँड साबणाच्या पाण्यातून काढा, सावलीत पूर्ण वाळवा.
३. चिमूटभर टाल्कम पावडर टाकून हातावर चोळा. एकमेकांना चिकटत नाहीत.
४. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कपाटातल्या अंधाऱ्या, थंड कप्प्यात ठेवा. पारदर्शक बरणी दिसते छान, पण उजेडात नको.

फोटो, महत्त्वाची कागदपत्रं आणि चांदीची भांडी यांना रबरबँड लावूच नका. कागदावर तपकिरी डाग राहतो आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. तिथे आपली सुती नाडी बरी.

गॅसच्या नळीला मात्र असले उपाय नकोत. ती ५ वर्षांनी बदलायची. चीर दिसली तर लगेच.